सांगली-मिरजेहून साध्या तिकिटावर एका दिवसाची रेल्वे भटकंती (नवीन आलेल्यांसाठी)

आमच्या वरच्या मजल्यावर बदली होऊन एक जोडपं आलंय, नागपूरकडचं, बँकेत दोघंही. गेल्या महिन्यात जिन्यात भेटले आणि म्हणाले, काका, रविवारी करायचं काय, गणपती मंदिर झालं, आयर्विन पूल झाला, भेळ झाली, आता? गाडी पण नाही आमच्याकडं. मी म्हटलं गाडी कशाला पाहिजे, स्टेशन आहे की. तर त्यांनी विचारलं की दिवसभराचा एक पास मिळतो का, कुठंही चढा कुठंही उतरा असा. तिथनं हे सगळं लिहायला सुरुवात झाली, कारण सांगायला बसलो तेव्हा लक्षात आलं की आपल्याला जे सवयीनं माहितीय ते नवीन माणसाला कुणीच सांगत नाही.

तर पहिलं उत्तर, असा पास आपल्याकडं नाही. मुंबईच्या लोकलला टुरिस्ट पास असतो एक, तीन, पाच दिवसांचा, एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' योजना आहे पण ती चार नाहीतर सात दिवसांची. आपल्या पुणे-मिरज-कोल्हापूर लाईनवर साधं जनरल तिकीट काढायचं आणि जायचं, बास. पण ते इतकं स्वस्त आहे की पास नसल्याचं काही वाटत नाही. पॅसेंजरचं कमीत कमी तिकीट १० रुपये, एक्सप्रेसचं ३०. दोन माणसं दिवसभर फिरून आली तरी रेल्वेचा खर्च चहा-वड्यापेक्षा कमी होतो कधीकधी.

तिकिटाचं आधी समजून घ्या

खिडकीवर जाऊन नुसतं "दोन भिलवडी" म्हणायचं नाही, गाडीचं नाव सांगायचं. पॅसेंजरचं तिकीट वेगळं, मेल-एक्सप्रेसचं वेगळं, सुपरफास्टला त्यावर आणखी १५ रुपये. मी स्वतः एकदा पॅसेंजरचं तिकीट खिशात घालून मागनं आलेल्या एक्सप्रेसमधे चढलो, म्हटलं तिकीट तर आहे, आणि मिरजेच्या आधी टीसी साहेब आले. फरक भरावा लागला, दंड पण, आणि डब्यातले सगळे बघत होते ते वेगळंच. चूक माझीच होती. विनातिकीट सापडलात तर भाडं अधिक कमीत कमी २५० रुपये दंड असतो, म्हणजे वाचवायला गेले १० आणि गेले दोनशे साठ.

दुसरं, १९९ किलोमीटरपर्यंतचं जनरल तिकीट तीन तासच चालतं, म्हणजे तिकीट काढल्यापासून तीन तासात प्रवास सुरू करायचा, किंवा त्या गावाला जाणारी पहिली गाडी सुटेपर्यंत, यातलं जे उशिरा असेल ते. सांगलीपासून सातारा, कोल्हापूर, पंढरपूर सगळं १९९ च्या आतच येतं. त्यामुळं सकाळीच येतानाचं तिकीट काढून ठेवू असं चालत नाही, येताना तिथं नवीन काढायचं.

तिसरं, आणि इथं नवीन माणूस हमखास फसतो, मधे उतरता येत नाही. म्हणजे उतरता येतं, कोण धरून ठेवत नाही, पण सांगली ते कराड तिकीट काढलं, मधे किर्लोस्करवाडीला उतरून फिरलात, तर तुमचं तिकीट तिथंच संपलं. पुढं जायला नवीन तिकीट. ब्रेक जर्नी ५०० किलोमीटरच्या वरच्या तिकिटांना असते, आपल्याला त्याचा काही उपयोग नाही.

मोबाइलवर काढायचं असेल तर रेलवन ॲप आहे, यूटीएसचं, म्हणजे जनरल तिकिटाच्या जुन्या ॲपचं, काम आता त्यात होतं. फक्त घरनं निघतानाच काढा, प्लॅटफॉर्मवर उभं राहून पेपरलेस तिकीट निघत नाही, तिथं मग भिंतीवरचा क्यूआर कोड शोधून स्कॅन करत बसावं लागतं आणि तेवढ्यात गाडी हलते. पाच वर्षाखालच्या पोराला तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. वंदे भारतला जनरल डबाच नसतो, तिच्याकडं बघून हात हलवायचा फक्त.

आता मुख्य गोष्ट: येतानाची गाडी आधी

सगळे जातानाची गाडी बघतात. उलटं करा. आपल्या लाईनवर छोट्या स्टेशनांवर दिवसातनं मोजक्याच गाड्या थांबतात, आणि एक चुकली की पुढची चार-चार तासांनी, त्यामुळं आधी ॲपवर नाहीतर १३९ ला फोन करून संध्याकाळची परतीची गाडी कुठली ते बघायचं, ती कागदावर लिहायची, तिच्यातनं अर्धा तास वजा करायचा, आणि मग त्या गावात किती वेळ मिळतो त्याच्यावर काय बघायचं ते ठरवायचं. आधी ठिकाणांची यादी आणि मग गाडी असं केलं की हमखास पळापळ होते. वेळा मी इथं मुद्दाम देत नाही, टाइमटेबल बदलत राहतं, आणि मेगाब्लॉक असला की रविवारीच गाड्या रद्द होतात, म्हणून आदल्या रात्री एकदा परत बघायचंच.

आणि याच्या जोडीला दुसरी गोष्ट, स्टेशन म्हणजे गाव नव्हे. कराडचं स्टेशन कराडात नाही, ओगलेवाडीत आहे. साताऱ्याचं स्टेशन सातारा शहरात नाही, माहुलीच्या बाजूला आहे. भिलवडी स्टेशन ही भिलवडीपासून लांब एक वेगळीच वस्ती आहे. त्यामुळं उतरल्यावर गावात जायला आणि परत स्टेशनला यायला वेळ धरावा लागतो. बाहेर रिक्षा असते, नाहीतर वडाप. नागपूरच्या ताईंना वडाप म्हणजे काय ते सांगायला लागलं, त्यांना वाटलं खायचं काहीतरी आहे. वडाप म्हणजे भरली की सुटणारी जीप किंवा सिक्स सीटर, भाडं शेअरमधे, आणि "भरली" म्हणजे किती ते ड्रायव्हर ठरवतो.

पहिली ट्रिप मिरजेचीच करा

हसू नका. सांगलीतनं मिरज म्हणजे सिटी बसनं जाण्यासारखं, पण मुद्दाम रेल्वेनं जा. विश्रामबाग गेलं की मिरज, पंधरा-वीस मिनिटांचा मामला, सराव होतो आणि जंक्शन कळतं. इथनं पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर अशा चार दिशांना लाईन जातात, त्यामुळं पुढच्या सगळ्या भटकंतीला मिरजेचे प्लॅटफॉर्म पाठ पाहिजेत. पूर्वी इथं ब्रॉडगेज, मीटरगेज आणि पंढरपूरकडची ती छोटी नॅरोगेज बार्शी लाईट असे तिन्ही रूळ होते. २०१६ ला लातूरला पाणी घेऊन जी गाडी गेली ती पण इथनंच भरून गेली, आमच्या मिरजकर पाहुण्यांच्या बोलण्यात ते अजून येतं.

एक गंमत लक्षात ठेवा. काही एक्सप्रेसचं इंजिन मिरजेत काढून मागच्या टोकाला लावतात आणि गाडी उलट्या तोंडानं निघते. नवीन माणूस घाबरतो, अहो ही परत मागं चालली! नाही चालली. बसून राहा. फक्त पुढचा जनरल डबा आता मागचा झाला एवढंच.

स्टेशनवरनं रिक्षा करून मीरासाहेब दर्ग्याला जा. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब इथंच दफन आहेत. १९३७ मधे ते मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते, तब्येत बिघडली म्हणून मधल्या एका स्टेशनवर उतरले आणि तिथं प्लॅटफॉर्मवरच गेले. त्यांना मिरजेला आणलं. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या नावानं संगीत सभा होते, मोठमोठे गवई येऊन जमिनीवर बसून गातात आणि तिकीटबिकीट काही नसतं.

मग सतारमेकर गल्ली. याच्यासाठी दोन तास ठेवा. या लोकांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, संस्थानांची हत्यारं गेली तेव्हा एकोणिसाव्या शतकात त्यांनी हात सतारीकडं वळवला. आजही दुकानात शिरलं की वर छताला वाळलेले भोपळे लटकलेले दिसतात, एकेक एवढा मोठा की दोन हातात मावत नाही, ते पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं येतात. आम्ही गेलो तेव्हा एक आजोबा जवारी लावत बसले होते. सतारीच्या घोडीवर, ज्याच्यावरनं तारा जातात त्या पट्टीवर, कानस एकदा फिरवायची, फुंकर मारायची, तार छेडायची, ऐकायचं, मान हलवायची, परत कानस. केसाएवढा फरक. अर्धा तास हेच चालू होतं आणि आम्हाला पहिल्या आणि शेवटच्या आवाजात नक्की काय बदललं ते कळलं नाही खरं सांगायचं तर, पण बायको म्हणाली सुरुवातीला तार टणटण वाजत होती आणि शेवटी ती वाजल्यावर बराच वेळ खोलीत राहिली. ते तसंच असतं म्हणे. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मधे जीआय मानांकन मिळालं. बघायला गेलात तर आधी विचारा, बसू का थोडा वेळ, कुणी नाही म्हणत नाही, फक्त तारांना हात लावायचा नाही आणि काम चालू असताना फोनवर बोलायचं नाही, त्यांचं काम कानाचं आहे.

दुसरी ट्रिप: भिलवडी आणि औदुंबर

सांगलीतनं पुण्याकडं जाणारी पॅसेंजर धरा. नांद्रे, मग भिलवडी. उजव्या-डाव्या दोन्ही बाजूला ऊस, मधे मधे हळद, द्राक्षाच्या बागा. उतरलं की चितळे डेअरी याच स्टेशनच्या वस्तीत आहे, १९३९ पासूनची. पुण्याचे लोक ज्याला आपलं समजतात ते मुळात आमच्याकडचं, हे मी प्रत्येक पुणेकराला सांगतो.

स्टेशनवरनं वडाप किंवा रिक्षानं भिलवडी गाव, तिथनं कृष्णेचा पूल ओलांडला की अंकलखोप-औदुंबर. दत्ताचं ठिकाण, नृसिंह सरस्वतींनी इथं चातुर्मास केला. मंदिर मोठं नाही, भव्य वगैरे काही नाही, पण घाट! दगडी पायऱ्या सरळ पाण्यात उतरतात, वर औदुंबराची सावली, समोरच्या काठावर भुवनेश्वरीचं देऊळ. नाव चालू असेल तर नावेनं पलीकडं जा. दर संक्रांतीला इथं साहित्य संमेलन भरतं, छोटंसं, नदीकाठी, ते मोठ्या संमेलनांसारखं मांडव आणि भांडणंवालं नाही.

आता माझी फजिती. त्या घाटावर पायरीवर बसलो, पाय पाण्यात, बारीक मासे पायाला टोचत होते, आणि परतीची पॅसेंजर डोक्यातनं गेली ती गेलीच. आठवलं तेव्हा वीस मिनिटं राहिली होती आणि मधे पूल, गाव, आणि स्टेशनचा रस्ता. वडाप मिळाली तर ती भरेना. ड्रायव्हर म्हणतोय अजून दोन शीट येऊ द्या, मी म्हणतोय दोन शिटांचे पैसे मी देतो, चल. स्टेशनला पोचलो तर गाडीचा शेवटचा डबा दिसला, लाल दिव्यासकट. मग नांद्रेमार्गे मिळेल त्या गाडीनं उभं राहून सांगलीत. म्हणून वर लिहिलंय ते, अर्धा तास वजा करा. औदुंबरला जाणार असाल तर पाऊण.

पावसाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टला, औदुंबरला जायच्या आधी बातम्यात आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी बघा. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. त्याच्या बरंच आधीच घाट पाण्याखाली जातात आणि मंदिरात पण पाणी शिरतं. २०१९ चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना हे सांगायला लागत नाही.

तिसरी: किर्लोस्करवाडी, आणि वाटलं तर पुढं कराड

भिलवडीच्या पुढं किर्लोस्करवाडी. या स्टेशनचं जुनं नाव कुंडल रोड. १९१० मधे लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातनं कारखाना हलवायला लागला तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी इथली माळरानाची जमीन दिली, निवडुंग आणि साप यापलीकडं काही नव्हतं म्हणतात, आणि तिथं लोखंडी नांगर करणारं अख्खं गाव उभं राहिलं. कारखाना आतनं बघायला परवानगी लागते, उगाच गेटवर जाऊन वॉचमनशी वाद घालू नका. पण जवळच कुंडल आहे, बेचाळीसच्या चळवळीत इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या प्रतिसरकारचं केंद्र, तिथं डोंगरावर जैन तीर्थ आहे, अर्धा दिवस आरामात जातो.

सागरेश्वर अभयारण्य बघायचं असेल तर ताकारीला उतरा आणि तिथनं वाहन करा. हे जंगल लोकांनी लावलेलं आहे, उघड्या डोंगरावर, आत हरणं-सांबरं दिसतात. पण एकट्यानं पायी फिरायच्या बेतानं जाऊ नका, उन्हाळ्यात तर अजिबात नको.

कराडला जाताना शेणोली स्टेशन लागेल, बहुतेक गाड्या तिथं न थांबता जातात, तरी खिडकीतनं बघा. ७ जून १९४३ ला प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं इथं इंग्रज सरकारचा पगार घेऊन जाणारी गाडी लुटली होती. आपण भडंग खात त्याच रुळावरनं जातो.

कराड स्टेशन ओगलेवाडीत. ज्यांच्या घरी आजीच्या काळातला प्रभाकर कंदील असेल त्यांनी त्याच्यावरचं नाव वाचावं, तो इथल्या ओगले काच कारखान्याचा. तिथनं रिक्षानं प्रीतिसंगम, कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात, यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथंच. संध्याकाळी सगळं कराड तिथं असतं. आगाशिवच्या लेण्यांना चढ आहे, ते सकाळी करा आणि संगम नंतर. दोन्ही करायची असतील तर सकाळची पहिली गाडी, नाहीतर एकच.

सातारा

इथनं लांब पडतं, तीन तास तर धराच पॅसेंजरनं, म्हणून एक्सप्रेसनं जा. शहरात जाताना वाटेतच संगम माहुली लागते, तिथं आधी उतरा, कारण संध्याकाळी परत येताना थांबायला वेळ नसतो आणि मग राहूनच जातं. कृष्णा-वेण्णेचा संगम, काळ्या दगडातली देवळं, ताराराणी आणि येसूबाईंच्या समाध्या. मग शहर, अजिंक्यतारा, येताना कंदी पेढे. म्युझियम करायचं असेल तर सोमवार सोडून जा, सरकारी म्युझियम सोमवारी बंद असतात. सातारा एका दिवसात "करायचा" म्हणून कास, ठोसेघर सगळं कोंबू नका, ते रेल्वेनं जाणाऱ्याचं काम नाही.

कोल्हापूर आणि पंढरपूर थोडक्यात

कोल्हापूर सगळ्यात सोपं. मिरजेहून साधारण ४८ किलोमीटर, गाड्या भरपूर आणि स्टेशन चक्क गावात, अंबाबाईला रिक्षानं दहा मिनिटं. त्याच्याबद्दल मी वेगळं काय सांगणार. पण मधे जयसिंगपूर आहे, शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं वसवलेलं, तिथं उतरून एसटीनं नरसोबाची वाडी करा, कृष्णा-पंचगंगेचा संगम, देवळाबाहेरची बासुंदी, आणि जमलं तर पुढं खिद्रापूर. खिद्रापूरचा स्वर्गमंडप वरनं गोल उघडा आहे, खाली उभं राहून वर बघायचं, एवढंच करायला पण गेलात तरी चालेल. मात्र खिद्रापूरहून परतीची एसटी स्टँडवर विचारूनच पुढं निघा.

पंढरपूरची लाईन मिरजेहून, आरग, कवठेमहांकाळ, ढालगाव, सांगोला करत जाते. ऊस संपून माळ कधी सुरू झाला ते खिडकीतनं कळतं, जिल्हा एकच पण पाणी वेगळं. एकादशीच्या आसपास फक्त दर्शनाला जायचं असेल तरच जा, डब्यात पाय ठेवायला जागा नसते.

निघायच्या आदल्या रात्री

सुट्टे पैसे, पाण्याची बाटली, टोपी. छोट्या स्टेशनांवर कँटीन नसते आणि असली तरी बंद असते, म्हणून भडंगाची पुडी आणि चार केळी घ्याच. एक्सप्रेसला जनरल डबे दोन्ही टोकांना असतात, मधे उभं राहाल तर गाडी आल्यावर पळावं लागेल, आणि पळताना रिझर्वेशनच्या डब्यात शिरू नका. डेमू-मेमू या पॅसेंजर गाड्यांना ती भानगड नाही, कुठंही चढा. फोन पूर्ण चार्ज, आणि परतीच्या गाडीची वेळ कागदावर, फोनमधे नाही, कारण दिवसभर फोटो काढून संध्याकाळी फोन बंद पडतो आणि वेळ त्याच्यातच असते.

वरच्या मजल्यावरचे दोघं गेल्या रविवारी मिरज करून आले. या रविवारी औदुंबरला जायचंय म्हणतात. मी त्यांच्या फ्रिजवर पॅसेंजरची वेळ लाल पेननं लिहून आलोय, पाऊण तास वजा करून.